फट

खदानीतून आता दगड निघत नाही.
तुर्भ्याच्या मागे डोंगराचा अर्धा खाल्लेला घास
तसाच पडून आहे,
त्याच्या कड्याशी वाळूच्या गोणी रचून
एजन्सीनं आम्हाला बंदूक शिकवायला घेतली.
नऊ जण. बाई मी एकटी.
एटीएमच्या पैशांची गाडी, तिच्यामागे उभं राहायला माणूस.
पगार बरा.

पहिल्या बारानं मला दोन पावलं मागे नेलं.
गालफडावर लाकूड बसलं, कानात शिट्टी राहिली.
कागद कोरा.
घोरपडे उस्ताद फौजेतून आलेले, आवाज चढवत नाहीत.
म्हणाले, "धोत्रे, परक्याचं मूल घेतल्यासारखी धरलीयस.
खांद्याच्या खळग्यात घे. आणखी आत.
तिच्यात नि तुझ्यात बोटभर फट राहिली
की बंदूक नाही मारत,
ती फट मारते."

रात्री कोपरखैरण्याला, न्हाणीच्या आरशात
खांदा मधे जांभळा, कडेला हिरवट.
लेकीनं बोट लावून विचारलं, कुणी मारलं?
म्हटलं, कामावर.
ती मोठ्या बाईसारखी गप्प झाली.
मग सगळं नीट सांगावं लागलं,
लाटणं खांद्याला लावून दाखवावं लागलं.

डावा पाय पुढे. गुडघा सैल.
भार टाचेवर नको, पंजावर.
दात आवळायचे नाहीत.
चाप ओढायचा नाही, दाबत जायचा,
बार कधी होईल ते तुझं तुलाही कळता कामा नये.
हे मला पाठ होतं.
अंगाला पाठ नव्हतं.

चौथ्या रविवारी उस्तादांनी
पाठमोरं होऊन काडतूस भरून दिलं.
खरं की रिकामं, सांगितलं नाही.
दोन खरी निघाली.
तिसऱ्याला
टक्.

आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही,
तरी नळी वीतभर खाली गेलेली,
माझे डोळे मिटलेले, खांदा कानाशी.
बंदूक जागच्या जागी होती.
उडाले ती मीच.
आठही पुरुष हसले.
मग त्यांची पाळी आली.

त्या टक् नंतरच्या शांततेत
मला भोंगा ऐकू आला. हीच खदान.
लाल फडकं हललं की सगळी वस्ती उकिडवी बसायची,
आई भाकरीवर परात पालथी घालायची
आणि आमची डोकी गुडघ्यात दाबून धरायची.
सुरुंग नंतर उडायचा.
आम्ही आधीच वाकलेलो असायचो.

आबा तेव्हा ड्रिल धरायचे, दिवसभर, पोटाला लावून.
आता चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतात.
विचारलं, तुम्ही ते कसं सोसलं?
बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.
"आवळलं तर हाडं खिळखिळी करतंय.
सैल सोडलं तर पाय फोडतंय.
त्ये हाललं की आपुन बी हालायचं,
वाईच मागनं."
मग माझा खांदा चाचपला.
त्या बोटांना गरम-गारही कळत नाही,
पण थांबली ती बरोबर दुखऱ्या जागी.

काल एकवीस बार काढले.
धक्का होता तेवढाच आहे, तो कमी होत नसतो.
खांद्यातून पाठीत गेला, पाठीतून मांडीत,
तळपायातून खाली खडकात उतरला,
आणि वर गेलेली माशी
आपली आपण कागदावर परत आली.
छर्रे डाव्या कोपऱ्यात का होईना, बसले.

मधेच एक रिकामं निघालं.
टक्.
नळी हलली.
उस्तादांनी वाकून पाहिलं.
"करंगळीभर," म्हणाले,
आणि पुढचं भरायला
पाठमोरे झाले.