बिघाड: नाही

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या मागे,
एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं शटर
दर रविवारी दहाला आम्ही वर करतो.
भिंतींना अजून पीठ आहे.
पंखा लावला की उडतं
आणि भार्गवीच्या काळ्या कुर्त्यावर बसतं.
ती झटकत नाही.

पाटी तिनेच रंगवली, गावाच्या रीतीला धरून:
‘येथे फक्त वस्तू दुरुस्त होतात.
माणसे आणू नयेत.’

लोक वाचून हसतात.
आम्हीही हसतो, जरा उशिरा.
हेरंबला आठ महिने, दर गुरुवारी,
एका डॉक्टरांच्या केबिनमध्ये सोडून
वडील बाहेर पेपर वाचत बसायचे.
तस्नीमचं कॉलेज बंद, फोन पेटीत, पेटी मामूकडे.
मला एका बाईंनी मंतरलेलं लिंबू दिलं होतं
उशीखाली ठेवायला.
मी त्याचं सरबत केलं.
घरी अजून माहीत नाही.

आता तस्नीम श्वास रोखून डाग देते,
कथलाचा थेंब चमकतो, विझतो,
तांब्याची दोन टोकं एकमेकांना धरून राहतात.
शिकवलं वामनकाकांनी,
खडकीच्या कारखान्यातून निवृत्त.
पहिल्यांदा आले ते रेडिओ घेऊन.
स्वतःच उघडला, स्वतःच जोडला,
आमच्या चहाला नावं ठेवली
आणि परत गेलेच नाहीत.
चौथ्या की पाचव्या रविवारी
कप विसळताना, पाठमोरे, म्हणाले,
‘आमच्या वेळी असं शटर नव्हतं रे कुठे.’
त्या ‘आमच्या’वर कुणी काही बोललं नाही.
हेरंबने पुढे होऊन नळ बंद केला,
कधीचा वाहत होता.

वही माझ्याकडे.
रकाने चार: नाव, वस्तू, बिघाड, शेरा.
मिक्सर, कपलर झिजलेला.
इस्त्री, वायर उंदराने खाल्लेली.
छत्री. छत्री. छत्री.
भिंतीवरचं घड्याळ. शेरा: जमलं नाही, माफ करा.
एका गृहस्थांना आम्ही कोण ते मध्येच उमगलं,
कुकर उचलून तरातरा गेले, झाकण विसरून.
झाकण आहे आमच्याकडे, खुंटीला.
वाफ धरायची असेल तेव्हा येतील.

लोक देतील ते पैसे बिस्किटांच्या डब्यात.
त्यातून भार्गवीच्या खोलीचं डिपॉझिट भरलं,
अर्धं.
अर्ध्यासाठी घरमालक रोज फोन करतो
आणि तिला मुद्दाम जुन्या नावाने हाक मारतो.
ती म्हणते, राँग नंबर.

गेल्या रविवारी एक मुलगा आला,
अकरावीचा असेल, हडपसरहून, दोन बस बदलून.
सॅकमधून टेबल-लॅम्प काढला.
हेरंबने लावून पाहिला. लागला.
काढून पुन्हा लावला. पुन्हा लागला.
मुलगा लॅम्पकडे बघतच नव्हता.
पाटीकडे बघत होता, भार्गवीच्या बांगड्यांकडे,
तस्नीमच्या बारीक कापलेल्या केसांकडे,
मग पुन्हा पाटीकडे.
कान लालबुंद.
‘कधीकधी लागत नाही,’ म्हणाला.

भार्गवीने लॅम्प उचलला, उलटा केला,
टिचकी मारून कानाशी धरला,
कलिंगड पारखावं तसा.
‘पार्ट मागवावा लागेल ह्याचा.
ठेवून जा. पुढच्या रविवारी ये.
आणि आता आलाच आहेस तर
हे स्क्रू निवड. लहान इकडे, मोठे तिकडे.’

तो मांडी घालून बसला.
साडेपाचपर्यंत उठला नाही.

निघताना मी वही उघडली, नाव विचारलं.
पेन माझ्या हातात, तो दाराशी.
‘नंतर सांगितलं तर चालेल?’

नावाचा रकाना मोकळा सोडला.
वस्तू: टेबल-लॅम्प.
बिघाड: नाही.
शेरा: पार्ट मागवला आहे.