एन ते डी

भंगाळे बाईंची गाडी एनवरून डीवर टाकली
की सात आकडे मोजावे लागत.
सहापर्यंत गाडी नुसती ऐकत उभी,
सातव्याला खालून लाथ बसावी तसा धक्का.
"नामदार, मार्चात पाच होते," बाई म्हणाल्या,
आणि पाठकोऱ्या वहीतलं पान दाखवलं:
तारीख, ऊन, आकडे.

फैजपूर-सावदा रस्त्यावर माझं गॅरेज.
केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, सगळे क्लचवाले.
डाव्या पायाला काम नसलेली गाडी
माझ्याकडे ही एकच येते, सत्तावीस वर्षांची.
जळगावच्या शोरूमने हात जोडले,
भुसावळच्या मिस्तरीने भंगाराचा भाव सांगितला.

तेल बघायचं तर इंजिन चालू, पेटी तापलेली, जमीन सपाट.
सपाट जमिनीसाठी गाडी पेट्रोल पंपावर न्यावी लागली.
दांडी पुसली, बुडवली, काढली.
विड्याच्या पिंकेसारखं लाल हवं होतं,
निघालं करपलेल्या काकवीसारखं.
वासही तोच.

"मशीन लावून धुऊन काढ सगळं," भाचा म्हणाला, सुरतेहून शिकून आलेला.
मी म्हटलं, नको.
जुन्या पेटीतला गाळ कुठे कुठे धरून बसलेला असतो,
एकदम धुतला तर उद्या गाडी जागची हलायची नाही.
अडीच-अडीच लिटर, तीन खेपा,
मधे यावलपर्यंत जाऊन यायचं.
बाईंनी लिहिलं: तीन खेपा. कारण?
कारण सांगितलं. तेही लिहिलं.

पॅन उतरवला. चुंबकावर राखाडी लेप, काजळासारखा मऊ.
बोटांत चोळून पाहिला.
टोचला असता तर तिथंच झाकण लावलं असतं.

मग व्हॉल्व्ह बॉडी.
ॲल्युमिनियमच्या ताटात वारुळासारख्या वाटा.
त्यातून तेल पळतं, आणि तेलच ठरवतं
पहिला कधी, दुसरा कधी.
नववीत बाईंनी दोन सिरिंज
सलाईनच्या नळीने जोडल्या होत्या, आत लाल शाईचं पाणी.
इकडे दाबलं की तिकडे उचलायचं.
नियम कोणाचा ते मला तेव्हाही आलं नाही,
सहामाहीला अकरा मार्क.
नळी मात्र अजून दिसते.

त्या वाटांत पाच गोळ्या असतात, पोलादी,
ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठ्या.
रेवसिंगने ताट उलटलं तेव्हा हाती चारच आल्या.
दुपारचे दोन, शेहेचाळीस अंश.
पंखा बंद. कोणी पाऊल उचलायचं नाही.
जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं
आणि फरशीभर ओढत फिरलो, गळ टाकल्यासारखा.
लागलं: वॉशर, सर्क्लिप, पन्नास पैशांची दोन नाणी,
अब्बांच्या वेळचं दाढीचं ब्लेड,
खिळे, खिळे.

बाई बाकावर होत्या, कॅलिपर लावलेला पाय लांब करून.
"कायले घाबरतो? गोल वस्तू उताराकडे जाते.
तुझी जमीन सपाट नाही,
सकाळी तूच सांगितलं ना मले."

मोरीच्या जाळीत होती,
विडीच्या थोटकाला टेकून.

पट्टा आवळला, मग अडीच फेरे मागे सोडला.
घट्टच ठेवला तर तो स्वतःच जळतो.
केबल ताणून बसवली. बोल्ट समोरासमोरचे,
थोडे थोडे करून.

तिसऱ्या खेपेला रेवसिंगने मॅट धुवायला काढली.
उजवीकडे टाचेखाली भोक पडलेलं.
डावीकडे बुटाचा एकच ठसा, पूर्ण,
सत्तावीस वर्षांत तसूभर न सरकलेला.
तो ब्रशने घासायला लागला.
मी म्हटलं, नुसतं पाणी मार.

संध्याकाळी बाई बसल्या. ब्रेकवर पाय.
एन. डी.
"एक," म्हणाल्या, आणि दोन ओठांवर यायच्या आत
गाडीने अंग पुढे टाकलं,
म्हैस दावं सोडल्यावर टाकते तसं, न दचकता.
वही स्टिअरिंगवर ठेवून लिहिलं: दीड.
खोडलं. लिहिलं: एक, आणि थोडं.

काच खाली केली.
मला वाटलं, आता काही म्हणतील.

"मोरीची जाळी बदल," म्हणाल्या,
आणि उजवा सिग्नल देऊन
केळीच्या दोन ट्रकांमधून रस्त्याला लागल्या.