पाच-वीस-चौदा

रात्रभर उभी राहिली की
आमच्या अठ्ठावन सालच्या फियाटला
सकाळी आठवत असतं, कुठे उभी होती ते.
चारही टायर तळाशी चपटे.
सहकारनगरातून निघून सारसबागेपर्यंत
धप्, धप्, धप्,
मग रबर तापतं, पुन्हा गोल होतं,
आणि गाडी रात्र विसरते.

"नायलॉनची खोडच आहे ती,"
शब्बीर आतार म्हणाले,
अंगठ्याचं नख टायरच्या कुशीत रुतवून.
नखभर खोल भेग.
नाना पेठेतलं दुकान, दाराशी ट्यूबांच्या माळा,
आणि हवेचा गेज, ज्याला ते
स्वतःच्या मुलालाही हात लावू देत नाहीत.

पाच-वीस-चौदा, मी म्हटलं.
पाठ आहे मला, रेशनकार्डाच्या नंबरासारखं.
"तो आकडा आता कोण बनवतं?
एकशेपंचावन्न घ्या. रेडियल."
मग समोरच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं:
जुन्यात धागे तिरपे, एकावर एक,
बाजेच्या नवारीसारखे,
नव्यात सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
वर पोलादी पट्टा.
"कंबर दुखणाऱ्यानं बांधतात ना, तसा."

रात्री रणपिशांना फोन केला.
रॅलीत गुण देतात ते, स्क्रूची खाचही तपासतात.
"रेडियल? अहो,
सोवळं नेसून पायात स्पोर्ट्स शूज!
पाच गुण गेले म्हणून समजा."
गेल्या वर्षी आमचा चषक
दोन गुणांनी हुकला होता.

वहीत रकाने आखले.
किंमत. पकड. गुण. दिसणं.
दिसणं या शब्दापुढे बराच वेळ बसलो.
ती उंच, बारीक, उभी चाकं,
जशी जुन्या फोटोतली माणसं उभी राहतात,
फोटोग्राफर म्हणेल तोवर श्वास धरून.

शैलजानं वही वाचली, चष्मा न लावता.
नोव्हेंबरात कात्रजच्या जुन्या घाटात,
उतारावर, कुणाच्या तरी टँकरनं सांडलेल्या डिझेलवर
गाडी दीड हात सरकली होती.
चालवत ती होती.
तेव्हा काहीच बोलली नाही,
खाली येऊन मठ्ठा प्यायली, दोन ग्लास,
आणि किल्ली माझ्याकडे न देता
पुन्हा चालवायला बसली.

आता म्हणाली,
"परीक्षक बाहेर उभे असतात.
आत आपण बसतो."
वही मिटली, तिच्यावर कोथिंबीर निवडायला घेतली.

चार टायर. आत ट्यूब घालूनच,
कारण जुनी रिम हवा धरत नाही.
बाजूला कोरलेले चार आकडे मी वाचून घेतले,
कुठल्या आठवड्यात जन्मला ते.
शैलजानं बसून स्टिअरिंग फिरवून पाहिलं.
"उभ्या गाडीत जड आहे."
"चालू लागली की हलकं होतं, ताई."
"मग उभं राहायचंच कशाला?"
आतारांचा मुलगा हसला, आतार नाहीत;
ते गेज वाचत होते.

जुन्यांतला बरा एक मी डिकीत ठेवला.
"दाखवायला ठेवा," ते म्हणाले,
"पण तीन हे, एक तो, असं कधी चालवू नका.
भांडतात."
बाकी तिघांचे सहाशे दिले.
मी मागितले नव्हते. घेतले मात्र.

आज सकाळी सारसबागेपर्यंत
सवयीनं काच खाली केली होती.
काही ऐकू आलं नाही.
शेजारून रिक्षा गेली, मागे बस,
आणि आमची गाडी, जणू रात्री कुठे
उभीच नव्हती.

नवं चाक केसभर लहान आहे,
म्हणून काटा आता थोडं वाढवून सांगतो.
चाळीस म्हणतो, तेव्हा चाळीसला जरा कमी.
मी हिशेब केला:
शंभर मैलांमागे साधारण दीड मैल
आम्ही न गेलेला, तरी नोंदलेला.
शैलजाला सांगितलं.
ती म्हणाली, "राहू दे.
भोरला जाऊ तेव्हा
तेवढा लवकर पोचलो म्हणू."