दुसरं तोंड

मडकं वाजवून घ्यावं, हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो.
तिला शिकवावं लागलं नाही.
अजमानच्या जुन्या बाजारात, माझ्या दुकानाच्या पायरीवर
ती उकिडवी बसली आणि एकेका माठाला
टिचकी नाही, तळवा मारू लागली,
सुईणीसारखा कान लावून.

सतरा माठ नापास झाले.
अठरावा गळ्याशी काळवंडलेला,
माझ्या बापानं आव्यातून काढून बाजूला फेकला असता,
तो तिनं मांडीवर घेतला
आणि म्हणाली, इथं, कुशीत, एक भोक पाड.

मी गारगोटीच्या कुंभाराचा मुलगा.
भोकाचं मडकं आमच्यात एकदाच लागतं:
खांद्यावर, पाणी गळत, तीन फेऱ्या,
मग मागे न बघता सोडून द्यायचं.
बाप त्याचे पैसे घेत नसे.
म्हणायचा, ते विकायचं नसतं, ते नुसतं जातं.

बाई, असलं मडकं वाईट, मी म्हणालो.
तिनं माझ्याकडं पाहिलं.
आमच्यात त्याला उडू म्हणतात.
एक तोंड पाण्याचं. दुसरं बोलायचं.
बाया वाजवतात.
मग जरा थांबून: उद्या रात्री हवंय. एक पोरगा गेला.

पोराचं नाव ओसिताडिम्मा.
आजपासून बरं होवो, असा त्याचा अर्थ.
सत्तावीस वर्षांचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा.
तीन आठवडे शवागारात पडून आहे,
कारण त्यांच्यात माणूस परक्या मातीत ठेवत नाहीत
आणि विमानाला शिक्के लागतात,
आणि कंपनीचा मॅनेजर फोन उचलत नाही.
संघाच्या वहीत अजून चार हजार दिरहम कमी.
तिचं स्वतःचं नाव न्वाकाएगो.
लेकरू पैशाहून मोठं, तिनं सांगितलं,
पर्समधल्या नोटा मोजता मोजता.

शेजारच्या मलबारी हार्डवेअरवाल्याकडून ड्रिल आणलं.
माठात ओली वाळू दाबून भरली.
तडा गेला असता तर बरं, असंही एकदा वाटलं.
गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या सलूनच्या वरची खोली.
खिडक्यांना गाद्या लावलेल्या,
मागच्या वेळी खालच्यांनी तक्रार केली होती म्हणून.
एसी बंद, तीसेक माणसं, घाम.
एका म्हाताऱ्यानं कोलाचं फळ हातात धरलं
आणि त्याच्याशी बोलू लागला.
मागं बसलेली पोरं मोबाइलात,
एकानं इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत आजोबा?
या फळाला इंग्रजी कळत नाही, म्हातारा म्हणाला,
इंग्रजीतच, कारण दुसरं पोराला कळलं नसतं.
सगळे हसले. तो नाही.
माझ्या मुलीला विचारलं होतं एकदा, आवा म्हणजे काय?
ती म्हणाली, ॲव्होकॅडो?

मग लोखंडी घंटा, बारीक, थांबत थांबत,
आणि तिच्या खाली
न्वाकाएगोचा तळवा त्या भोकावर.
ढुम् नाही. ढुम्म्-व्.
विहिरीत घागर बुडताना
शेवटचा श्वास सोडते, तसला आवाज.
बायांनी त्याला हाक मारली, नावानं,
आईच्या नावानं, आजीच्या गावाच्या नावानं.
ओ देणारं कोणी नव्हतं, त्या जागी मडकं बोलायचं.

बाप गेला तेव्हा मी इथंच होतो.
व्हिसा कंपनीच्या कपाटात.
मडकं धाकट्यानं धरलं. मी फोनवर ऐकलं,
फुटल्याचा आवाज आलाच नाही, रेंज गेली.

निघताना पैसे देऊ लागली, मी घेतले नाहीत.
मग त्यांच्या चिटणिसानं वही काढली,
आमच्यात फुकट काही नसतं, म्हणाला,
आणि दोनशे, पन्नास, पाचशे
अशा आकड्यांच्या खाली
माझं नाव विचारून चुकीचं लिहिलं.
पुढं रकमेच्या रकान्यात: मडकं, एक.