बारा पाउणे नऊ

पावकी, निमकी, पाउणकी
आमच्या पिढीला कुणी शिकवलीच नाही.
मला शिकवली दिवाळ्याच्या चांगुणाबाईंनी,
बोंबलांचा वाटा लावता लावता:
"तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची,
तितक्या वाजता पानी पुरं भरतंय.
उद्या बारस. बारा पाउणे नऊ.
खाडी भरली का ते तळ्यात येऊन हुबे ऱ्हातात.
सुकतीला गेलीस तर पोरीला नुसता चिखल दाखवशील."

म्हणून रविवारी साडेसातला आम्ही दाराबाहेर.
म्हणजे, साडेसातला पहिल्यांदा.
मग रेवाला शू लागली,
मग टोपी, मग ही नको ती टोपी,
मग कुलूप लावल्यावर आठवलेली पाण्याची बाटली.
आठ वीसला कोपरखैरण्याच्या थांब्यावर
धनेशच्या कडेवर रेवा, माझ्या खांद्यावर पिशवी,
पिशवीत घावन, गूळखोबरं, जादा चड्डी
आणि घरातली एकुलती दुर्बीण,
जिच्यातून एकाच डोळ्याला दिसतं.

नेरूळला पोचलो तेव्हा तळं काठोकाठ
आणि ते होते.
अख्ख्या वर्गाला कुणीतरी
एका पायावर उभं राहायची शिक्षा दिल्यासारखे.

"यांना रोहित पक्षी म्हणतात."
"सगळ्यांना?"
"सगळ्यांना."
ती विचारात पडली.
तिच्या बालवाडीत दोनच रोहित आहेत
आणि तेवढ्यानंच बाईंचा गोंधळ उडतो.
मग कठड्याला धरून तिनं हजेरी घेतली:
रोहित पाटील. रोहित डिसोझा.
रोहित ज्याचा डबा सांडतो.
रोहित म्हात्रे, खाली बस.
बसलं कुणी नाही.
एकानं पाय बदलला.

कडेला एक करडं पिल्लू होतं.
"हा का असा?"
"लहान आहे अजून. खाऊन खाऊन रंग येतो."
मी संधी सोडणार नव्हते. "बघ, तो पानातलं सगळं संपवतो."
"काय खातो?"
"चिखलातलं काहीबाही."
"मग तू मला चिखल का नाही देत?"

शेजारी गळ्यात भलीमोठी दुर्बीण घातलेले
एक गृहस्थ हसले. "बाबांचं नाव काय तुझ्या?"
"धनेश."
"अरे वा! धनेशसुद्धा पक्षीच. ही एवढी चोच.
येऊरच्या जंगलात असतो."
रेवानं बाबाच्या नाकाकडे नव्यानं पाहिलं.
"आणि आईचं?"
"आई," ती म्हणाली.
शेवटी मीच सांगितलं. सारिका.
बँक आणि कुरिअरवाला सोडून
वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं ते.
"सारिका म्हणजे साळुंकी. ही काय, पायाशीच तुमच्या."
डोळ्यांभोवती पिवळं, चाल ठसक्यातली,
आमच्याच घावनाचे कण आमच्यादेखत पळवणारी.
मला आवडली.

"आणि रेवा?"
त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. पुन्हा पुसली.
"रेवा... नदी आहे, बाळा."

झालं.
घरात सगळे पक्षी
आणि आपण एकटीच पाणी!
ते भोकाड ऐकून
शंभरेक रोहितांनी माना वर काढल्या.
गूळखोबरं, खांद्यावरची फेरी, कशाचा उपयोग नाही.
मग पाणी उतरू लागलं आणि थवा उठला,
पंखाआडचा काळा न् लालभडक
एकदम उघडा करत खाडीकडे गेला.
तिनं ते पाहिलं. रडायचं न थांबवता पाहिलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मुलीचं वय?"
"मी पक्षी आहे," हुंदक्यामधून.
त्यानं आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं,
कानामागचं पेन काढून पुन्हा कानामागे ठेवलं.
"पक्ष्याला तिकीट नसतं," तो म्हणाला,
"पण खिडकीपाशीच बसावं लागतं."

ती बसली. एक पाय दुमडून.
जुईनगरला झोप लागली
तेव्हाही तो दुमडलेलाच होता.