दरजा भरताना

कुह्मोत जानेवारीची हवा इतकी कोरडी
की घराचं लाकूड रात्री आपोआप तडकतं.
हेल्का तेव्हा खाजवत असते,
कोपराच्या आत, गुडघ्यामागे,
कर्र कर्र, झोपेतच,
जुना गिलावा कुणी खरवडावा तसं.

डॉक्टर सिर्कूबाईंनी कागदावर विटा काढल्या.
म्हणाल्या, कातडीच्या पेशी या अशा रचलेल्या,
आणि मधला चुना, तो सेरामाइड.
हिच्यात मुळातच कमी पडतो.
आतलं पाणी निसटतं, नको ते आत शिरतं.

चौतीस वर्षं विटांच्या भट्ट्या बांधतोय मी, बाई.
मला चुन्याचं सांगता?
पण गप्प बसलो.
कारण दर शनिवारी सॉना झाल्यावर
मीच तिला साबण लावून घासत होतो,
कढत पाण्यानं, स्वच्छ, अजून स्वच्छ,
होता नव्हता तो सांधा वाहून जाईस्तोवर.

आता पाणी कोमट, तेही थोडंच.
टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही.
अंग ओलसर आहे तोवरच मलम.
ओली वीटच गारा धरते,
एवढं तरी मला ठाऊक होतं.

मलम पांढरं, बिनवासाचं. डबा मोठा. किंमत विचारू नका.
पहिल्या रात्री पोरगी किंचाळली.
मलम झोंबलं म्हणून नाही,
माझे तळवे बोचले म्हणून.
चुन्यानं खाल्लेले, पॉलिशपेपरसारखे.
मग हात उलटा केला.
बोटांच्या पाठीनं लावतो तेव्हापासून,
थापी उलटी धरून अडचणीचा कोपरा साधावा तसा.

ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हातारा तौनो म्हणायचा,
चुना विटेहून नरमच हवा.
भट्टी तापते, फुगते, निवते, आवळते,
मधे कुणीतरी वाकायला हवं ना.
वीट फुटली तर गेली.
दरज पुन्हा भरता येते.

पुन्हा. म्हणजे उद्या. म्हणजे परवाही.
बरी झाली असं सिर्कूबाई म्हणत नाहीत,
मीही म्हणत नाही.
डबा संपतो, दुसरा आणतो.

काल पहाटे तीनला दचकून उठलो.
कसलाच आवाज नव्हता.
अनवाणी गेलो तिच्या दाराशी.
हेल्का पालथी, एक हात पलंगाबाहेर लोंबता,
नखांत काही नाही.

भट्टीला हात लावून पाहिला, ऊब होती.
मग तिथेच उभ्या उभ्या डबा उघडला,
कडेला उरलेलं बोटभर
माझ्या अंगठ्याच्या भेगेत दाबून भरलं.

चांगलंच झोंबलं.