जळकं तेल

भाट्याच्या पुलाअलीकडे माझं गॅरेज.
खाडीवरून वारा येतो
आणि पान्यांना एका रात्रीत गंज चढतो.

मुजम्मिल होडेकरनं गाडी आणली. बोअर वाढवलेली,
कार्ब्युरेटर कोल्हापूरचा,
सायलेन्सर कुणाचा ते विचारू नये.
आरे-वारेच्या चढावर ती काय करते
ते मला इथे बसून ऐकू येतं, असं पोरं म्हणतात.

"साधं घालू की सिंथेटिक?
सिंथेटिकला तिप्पट पैसे."

दोन्हींत बोट बुडवून अंगठ्याशी घासलं.
साधं तेल तापलं की पातळ होतं, दमतं,
करपतं, आणि तसं वासानं सांगतंही.
सिंथेटिक बोलत नाही.
काटा लाल आकड्यात नेलास तरी
पिस्टनभोवती आपली साय धरून बसतं.

"पिळतोस किती?"
"जास्त नाय."
डाव्या बुटाचं टोक गिअरनं खाल्लेलं.

सिंथेटिकच घातलं. म्हटलं, मुदतीला बदल,
महाग पडलं म्हणून
अख्खा चातुर्मास काढू नकोस त्याच्यावर.

माझ्या स्कूटरला साधंच.
मिरकरवाड्याला जाते, बांगडे घेते, परत येते.
तिला कशाला?

बोल्ट सोडल्यावर जुनं तेल पडलं होतं
डांबरासारखं, सावकाश.
संध्याकाळी धाकू बारगोडे डबा घेऊन आला,
गोठ्याच्या मेढींना वाळवी लागलीय, जळकं तेल आहे काय?
साधं, सिंथेटिक, सगळं एकाच पिंपात.
भरून दिलं.
कुठलं ते त्यानं विचारलं नाही.
म्हटलं, झाकण घट्ट लाव,
एसटीत सांडेल.